फरशीवर छापलेला फोटो टिकतो कसा, आणि सुटतो का?

गावातलं जुनं घर पाडलं तेव्हा ओट्यावरची एक शहाबादी फरशी मी मागून घेतली. दीड फूट बाय दीड फूट, एक कोपरा झिजलेला. आजी त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. तिथेच बसलेला तिचा एक कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. तो फोटो त्याच फरशीवर छापायचा आणि वर हाताने काम करायचं, असं मनात होतं. फरशी धुतली, पुसली आणि छपाईच्या दुकानात नेली. अर्ध्या तासात आजी दगडावर उमटली, डोळ्यांत पाणी येईल इतकी स्पष्ट. चौथ्या दिवशी एका जागी कड उचललेली दिसली. नख लावलं, तर उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा आजीचा गुडघा सुटून हातात आला.

दोष दुकानदाराचा नव्हता आणि मशीनचाही नव्हता. ओट्याच्या त्या कोपऱ्यात संध्याकाळी दिवा ठेवला जायचा. कित्येक वर्षांचं तेल दगडात मुरलेलं होतं, आणि ते वरवरच्या धुण्याने जाणार नव्हतं.

हल्ली प्रदर्शनांत पत्र्यावर, कौलावर, आरशावर, जुन्या दाराच्या फळीवर छापलेली चित्रं दिसतात. त्यांवर पुन्हा ब्रशने रंग, सोनेरी वर्ख, दोऱ्याचे टाके असतात. शेजारच्या चिठ्ठीवर ‘मिश्र माध्यम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच कलाकृतीत दोन-तीन प्रकारचं साहित्य वापरलेलं. बघणारा हमखास विचारतो, हे रंगवलंय की छापलंय? आणि ज्या मशीनमध्ये कागद जातो तिथे दगड गेला कसा? उत्तर समजायला सोपं आहे, पण सुरुवात शाईच्या एका थेंबापासून करावी लागते.

## प्रिंटर मुळात करतो काय

इंकजेट प्रिंटर म्हणजे अतिशय बारीक भोकांची पिचकारी. रंगपंचमीच्या पिचकारीत एक भोक असतं, इथे शेकडो असतात, आणि प्रत्येक भोकातून कधी थेंब सोडायचा हे संगणक ठरवतो. थेंब किती लहान? साधारण दोन-तीन पिकोलिटर. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. अडीच पिकोलिटरचा थेंब धरला, तर चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर शाईत असे २०० कोटी थेंब मावतात.

थेंब बाहेर ढकलायच्या दोन युक्त्या आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची कांडी चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. वाफेचा बुडबुडा शाईला ढकलतो हे तिथे दिसलं, आणि त्यातून पुढे प्रिंटर तयार झाले. दुसऱ्या युक्तीत एक स्फटिक असतो. वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाईला दाबतो. स्फटिक आणि विजेचं हे नातं क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलं होतं. दगड-लाकडावर छापणारी मशीनं बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात, कारण दाटसर, न उकळवता येणारी शाईसुद्धा त्यांतून सोडता येते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शाईचं भोक कागदाला टेकत नाही. थेंब हवेतून खाली पडतो. मग खाली कागद आहे की दगड, याचं प्रिंटरला काही देणंघेणं नाही. ते देणंघेणं शाईला असतं.

## कागद कोरा दिसतो, पण तयार असतो

शाळेत हलक्या वहीवर शाईच्या पेनने लिहिलं की शाई फुटायची. कागदातले तंतू तिला आजूबाजूला ओढून न्यायचे. टीपकागद हेच काम मुद्दाम करायचा. फोटो छापायचा चकचकीत कागद मात्र फुटू देत नाही, कारण त्यावर सूक्ष्म छिद्रांचा एक थर आधीच दिलेला असतो. थेंब पडला की तो सरळ खाली मुरतो, बाजूला पसरत नाही.

म्हणजे ज्याला आपण कोरा कागद म्हणतो त्यावर कुणीतरी आधीच मेहनत घेतलेली असते. पत्रा, काच, फळी, फरशी यांवर तशी मेहनत कुणी घेतलेली नाही. ती आपल्याला घ्यावी लागते. या सगळ्या कलेतला निम्म्याहून अधिक वेळ त्यातच जातो, असं मी अनुभवाने सांगते.

## अळवावरचं पाणी

अळूच्या पानावर पाणी टाकलं की त्याच्या गोळ्या होतात आणि त्या घरंगळतात. पान ओलं होत नाही. तेच पाणी स्वच्छ काचेवर टाकलं की पसरतं. पाणी एकच, वागणं वेगळं, कारण खालचा पृष्ठभाग वेगळा.

प्रत्येक पृष्ठभागाला द्रवाला धरून ठेवण्याची कमी-जास्त ओढ असते. तिला पृष्ठऊर्जा म्हणतात आणि छपाईच्या धंद्यात ती डाइन या एककात मोजतात. पाण्याचा स्वतःचा गोळा होण्याचा जोर ७२ आहे. पॉलिथिनची ओढ सुमारे ३१, आणि नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाची जेमतेम १८ ते २०. ज्याची ओढ शाईच्या जोरापेक्षा कमी, त्यावर शाई अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होते. ती वाळली तरी नुसती बसलेली असते, धरलेली नसते. माझ्या फरशीवर नेमकं हेच घडलं. दगडाची ओढ चांगली असते, पण तेलकट जागी शाईला दगड भेटलाच नाही, तेल भेटलं.

गंमत अशी की चरबी, पाणी आणि दगड यांच्या याच वैराचा उपयोग करून आपल्याकडे एके काळी पुस्तकं छापली जात होती. शिळाछाप म्हणतात ती हीच. जर्मनीतल्या चुनखडकाच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने अक्षरं काढायची, शिळा ओली करायची, मग वर शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट रेषा शाई घेतात, ओला दगड नाकारतो. शहाबादी हाही चुनखडकच. तेव्हा दगडावरून कागदावर छापत होते, आता आपण दगडावरच छापतो आहोत, आणि तेलाचा हिशेब तेव्हाइतकाच चोख ठेवावा लागतो.

## पांढरा रंग आणायचा कुठून

हा प्रश्न नव्याने काम करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा शर्ट म्हणजे न छापलेला कागद. तोच फोटो कडाप्प्यावर छापला तर शर्ट काळा होणार, तांब्यावर छापला तर तांबूस.

त्यावर उपाय म्हणून खास मशीनांमध्ये पांढऱ्या शाईची वेगळी बाटली असते. आधी पांढरा थर, त्यावर रंग. या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. ती जड असल्यामुळे कालवलेल्या चुन्यासारखी तळाशी बसते, म्हणून मशीन बंद असतानाही तिला फिरवत ठेवावं लागतं.

पण कलाकारासाठी खरी संधी इथेच आहे. पांढरा सगळीकडे द्यायचा नाही. चेहऱ्यावर दिला, आकाशात नाही दिला, तर आकाशाच्या जागी लाकडाच्या रेषा दिसतात. छापलेलं कुठे संपतं आणि वस्तू कुठे सुरू होते, ते तुम्ही ठरवता.

## दगड मशीनमध्ये जातो कसा

पहिली वाट, वस्तूला अस्तर देऊन ती नेहमीच्याच प्रिंटरमधून काढायची. अस्तर म्हणजे शाई धरण्यासाठी आधी दिलेला थर. जिलेटिनचं पातळ पाणी किंवा बाजारात मिळणारं तयार अस्तर ब्रशने लावून वाळवायचं. पातळ आणि वाकणाऱ्या वस्तूंना हे चालतं: हातकागद, लाकडाचा पापुद्रा, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, कागदावर चिकटवलेलं सुती कापड. अमेरिकेत डोरोथी सिम्पसन क्राउझ, बॉनी ल्होट्का आणि कॅरिन श्मिंके या तिघींनी १९९७ मध्ये ‘डिजिटल अतेलिए’ नावाने एकत्र येऊन अशा अस्तरांचे आणि पृष्ठभागांचे कसून प्रयोग केले आणि ते इतरांना मोकळेपणाने शिकवले. आज जे घरबसल्या करून बघता येतं त्यातलं बरंच अशा लोकांनी हात काळे करून शोधलेलं आहे.

दुसरी वाट सपाट मशीनची, ज्याला दुकानात यूव्ही प्रिंटर म्हणतात. यात वस्तू टेबलावर स्थिर असते आणि पिचकारी तिच्यावरून फिरते. शाई वाळत नाही, ती घट्ट होते. दाताच्या डॉक्टरने दातात मऊ सिमेंट भरून निळा दिवा धरल्याचं आठवतं? काही सेकंदांत ते कडक होतं. तोच प्रकार इथे अतिनील दिव्याने होतो. थेंब पडला, मागून दिवा आला, थेंब जागीच गोठला. म्हणून काच, धातू, दगड, ज्यात काही मुरत नाही त्यावरही रंग उभा राहतो. अडचण उंचसखलपणाची. पिचकारी वस्तूपासून दोनेक मिलिमीटरवर असते. खोलगट जागी थेंब भरकटतो आणि चित्र धूसर होतं. उंचवटा असेल तर पिचकारीच धडकते, आणि ती फार महाग असते. माझ्या फरशीच्या तीन कोपऱ्यांखाली कागदाच्या घड्या सरकवून दुकानातल्या मुलाने ती समतल केली, दहा मिनिटं खपून. अशी माणसं भेटली की काम चांगलं होतं.

तिसरी वाट उतरवण्याची. चित्र एका कागदावर किंवा फिल्मवर छापायचं आणि तिथून हव्या त्या जागी उतरवायचं. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने १९९६ च्या ‘आर्केडियन रिट्रीट’ या मालिकेत स्वतः काढलेले फोटो डिजिटल प्रिंटरवर छापून ते ओल्या गिलाव्यावर उतरवले. ओल्या भिंतीवर रंग लावायची शेकडो वर्षांची रीत आणि त्या काळचा नवाकोरा प्रिंटर, दोन्ही एकाच चौकटीत. मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं, कारण त्यात गिलावा आपलं गिलावापण सोडत नाही.

उष्णतेच्याही पद्धती आहेत. फोटोचा मग छापतात तेव्हा सुमारे २०० अंश सेल्सियसला रंगाची थेट वाफ होते, कापूर वितळल्याशिवाय उडून जातो तशी, आणि ती मगावरच्या पॉलिएस्टरच्या लेपात शिरते. लेप नसलेल्या मगावर किंवा सुती कापडावर हे जमत नाही. भिंतीच्या टाइल्सवर मात्र धातूंच्या ऑक्साइडची शाई फवारून त्या १,००० अंशांच्या वर भाजतात. तो रंग काचेसारखाच पक्का होतो.

## “मग हे फ्लेक्ससारखंच झालं की”

चौकातला फ्लेक्सही इंकजेटनेच छापतात, हे खरं. पण फ्लेक्सचं कापड मुद्दाम असं केलेलं असतं की ते स्वतः दिसू नये. प्लॅस्टिकवर फक्त चेहरे दिसावेत, एवढंच त्याचं काम. इथे हेतू उलटा आहे. गंजका पत्रा निवडला तर गंज दिसला पाहिजे. गोधडीवर छापलं तर टाके चित्रातून वर आले पाहिजेत. फरशीऐवजी गुळगुळीत फायबरचा तुकडा घेतला असता तर फोटो जास्त सुबक आला असता, पण तो नुसता फोटो झाला असता.

## “मशीनने छापलं, मग कलाकाराने काय केलं?”

हा आक्षेप नवा नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफांनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांनी, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी नेल्या. तेव्हाही छापलेलं चित्र म्हणजे कला नव्हे असं म्हणणारे होतेच. लोकांनी त्या छापील चित्रांचं काय केलं ते बघा. देवीच्या साडीवर खरं कापड चिकटवलं, जरीचे काठ लावले, टिकल्या शिवल्या, मग काच बसवली. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक जपून ठेवतात. मिश्र माध्यम हा शब्द माहीत नसलेल्या हातांनी केलेलं हे मिश्र माध्यमच आहे.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ग्रॅहम नॅश या गायक-छायाचित्रकाराच्या ‘नॅश एडिशन्स’ने ‘आयरिस’ नावाच्या प्रिंटरवर कलाकृती छापायला सुरुवात केली. तो प्रिंटर छपाईआधीचे नमुने काढण्यासाठी बनवलेला होता. त्यांनी त्यात फेरफार करून जलरंगाचा जाड कागद त्यात चालवला. त्यांच्याकडच्या जॅक दुगान यांनी अशा छापांना ‘झिक्ले’ हे नाव दिलं. फवारणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. आज गॅलरीत ‘झिक्ले’ म्हटलं की दबायला होतं. त्याचा अर्थ कलाकृती म्हणून काढलेला इंकजेट छाप इतकाच आहे. विकत घेताना एकूण किती प्रती काढल्या आणि हाताने काय केलंय, हे जरूर विचारा. प्रामाणिक कलाकार हे लपवत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या खेपेला निर्णयांवर निर्णय घ्यावे लागले. धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, तीन वेळा. मग तेलकट जागी खडूच्या भुकटीचा लेप, वर प्लॅस्टिक, दिवसभर. मग एप्रिलच्या उन्हात आठ दिवस. पॉलिश पेपर, प्रायमर. पांढरा थर फक्त चेहरा, हात आणि लुगड्याच्या काठाखाली. बाकी लुगडं दगडाच्याच करड्या रंगाचं. सुपातले तांदूळ मी छापले नाहीत, पांढऱ्या रंगाने एकेक काढले. दिव्याच्या जागचं तेल पूर्ण गेलं नाहीच, तेव्हा फाइलमध्ये तेवढा बशीएवढा गोल पुसून टाकला. तिथे आज नुसता दगड आहे, थोडा गडद.

## “किती वर्षं राहील?”

दोन गोष्टींवर अवलंबून आहे. रंग उडतो का, आणि थर सुटतो का.

रंगाचं असं, की हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो, गेरूने रंगवलेली कुंडी मात्र उन्हात उभी असते. शाईतही हे दोन पंथ आहेत. काही शायांमध्ये रंग विरघळलेला असतो. त्या झळझळीत दिसतात आणि उजेडात लवकर विटतात. काहींमध्ये रंगाचे न विरघळणारे कण असतात, त्यांना पिगमेंट शाई म्हणतात. टिकवायचं काम असेल तर दुकानात पहिला प्रश्न शाई कुठली हाच विचारा. तरीही थेट ऊन नको. घराबाहेर लावायचं काम असेल तर वर संरक्षक लेप हवाच.

थर सुटतो का हे आधीच तपासता येतं, आणि मी हे केलं असतं तर पहिला घात टळला असता. त्याच वस्तूच्या मागच्या बाजूला किंवा त्याच जातीच्या तुकड्यावर चार बोटं रुंदीचा नमुना छापून घ्या. एक दिवस थांबा. ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक चिरा मारून चौकटी पाडा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर अस्तर बदला.

तीन सूचना कळकळीने. ज्या ताटात जेवायचं त्यावर यूव्ही छपाई करू नका, आणि नीट न गोठलेली शाई उघड्या हाताने चोळू नका. तिने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. आणि घरातला एकमेव जुना फोटो कधीही प्रयोगाला घेऊ नका. स्कॅन करा, मूळ फोटो कपाटात ठेवा.

## “मशीन नाही, घरी काही करता येईल का?”

येतं, आणि सुरुवात घरीच करावी. सागवानाची एक छोटी फळी घ्या, पॉलिश काढलेली. फोटोची लेझर प्रत किंवा झेरॉक्स आणा, साध्या कागदावर. इंकजेटची प्रत चालणार नाही, ती पाण्यात विरघळते. लेझरची काळी पूड म्हणजे बारीक प्लॅस्टिक, ते पाण्याला भीत नाही. प्रत आरशातल्यासारखी उलटी काढून घ्या, नाहीतर फोटोतल्या पाटीवरची अक्षरं उलटी येतील.

चित्रकलेच्या दुकानात ॲक्रिलिकचं जेल मीडियम मिळतं. ते फळीवर सारखं पसरा, भाकरीवर लोणी लावतो त्याहून थोडं पातळ. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरायचा मोह होतो, पण तो पुढच्या पायरीला पाण्याने सैल होतो. छापलेली बाजू खाली करून कागद ठेवा, मधून कडेकडे हात फिरवत हवा काढा, आणि रात्रभर विसरून जा.

सकाळी ओलं फडकं कागदावर दोन मिनिटं ठेवा. मग बोटाच्या पेराने गोल गोल चोळा. कागदाच्या बारीक वळ्या सुटायला लागतात, अंघोळीत उटणं चोळताना मळ सुटतो तशा. घाई केली तर चित्रही निघून येतं. तो कण कण खालून वर येणारा चेहरा बघताना घाई करावीशी वाटत नाही म्हणा. एकदा चोळून झालं की फळी वाळू द्या. वाळल्यावर चित्रावर पांढुरकं धुकं दिसेल. ते उरलेले तंतू आहेत. पुन्हा ओलं बोट, पुन्हा वाळवणं. मला साधारण तीन वेळा लागतात.